लाखावर पळालेली पोलो जीटी टीएसआय नागपुरात कशी सांभाळायची

फोक्सवॅगनने पोलो २०२२ मध्ये भारतात बंद केली, तेव्हापासून जुन्या जीटीला गिऱ्हाईक वाढलंय आणि तिच्याबद्दलच्या अफवाही. "गिअरबॉक्स जातो" हे पहिलं वाक्य. ते पूर्ण खोटं नाही. पण नागपुरात ज्या गाड्यांचा गिअरबॉक्स "गेला" म्हणून उतरवला जातो, त्यातल्या काहींची बॅटरी मेलेली असते, काहींचा फक्त क्लच संपलेला असतो, आणि काहींत खरोखर मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा कंप्यूटर-पंपाचा डबा, गेलेलं असतं. तिन्हींचा खर्च आणि इलाज निराळा. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच क्रमाने जाते: आधी कोड (गाडीच्या कंप्यूटरने नोंदलेले बिघाडाचे क्रमांक) वाचा, मग मोजा, मगच पान्याला हात लावा.

गाडी नुकतीच घेतली असेल किंवा घ्यायचं ठरत आलं असेल, तर वरून खाली वाचा. गाडी आधीपासून दारात असेल तर थेट चौथ्या पायरीवर या.

१. आधी गाडी नेमकी कोणती ते ओळखा

"जीटी" ही पाटी एकाच इंजिनावर लागलेली नाही, आणि जाहिरातीत सगळं एकत्र केलेलं असतं.

- २०१३ ते २०२० ची पेट्रोल जीटी, म्हणजे जीटी टीएसआय: १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर, सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. हा लेख मुख्यतः हिच्यासाठी.
- २०२० नंतरची: १.० लिटर, तीन सिलिंडर, ११० पीएस. साधी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. सहावी पायरी हिला लागू नाही, बाकीचं बहुतेक लागू आहे.
- जीटी टीडीआय: डिझेल. तिचे आजार वेगळे, इथे घेतलेले नाहीत.

१.२ टीएसआयमध्ये एक गोष्ट पैसे देण्याआधी तपासायची: टायमिंगला (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला) चेन आहे की दातेरी पट्टा. इंजिन कोड सीबीझेडने सुरू होत असेल तर चेन, सीजेझेडने सुरू होत असेल तर पट्टा. कोड सर्व्हिस बुकातल्या किंवा डिकीतल्या स्टिकरवर असतो. स्टिकर फाटलेलं असेल तर चासी नंबर देऊन कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. "सगळ्या टीएसआयला चेनच असते, काही करावं लागत नाही" असं सांगणाऱ्याकडे गाडी टाकू नका.

२. कागद, किलोमीटर आणि पूर

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र.
- फॉर्म २९ आणि ३०, विक्रेत्याच्या सहीसह. गाडी राज्यातलीच असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.
- गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या गाड्या नागपुरात पुष्कळ येतात. ही एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- चालू विमा, पीयूसी, सर्व्हिसची बिलं.
- दुसरी चावी. ही कागद नाही, पण यादीत हवीच. इम्मोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चावी नव्याने बनवून गाडीशी जुळवायला भरपूर पैसे आणि वेळ जातो.

शहराची पासिंग एमएच-३१, पूर्व नागपूरची एमएच-४९, ग्रामीणची एमएच-४०. यात दर्जाचा काही फरक नाही, फक्त कुठल्या कार्यालयात जायचं ते ठरतं.

किलोमीटर मीटरवर वाचू नका. मीटर फिरवलं जातं, बिलं फिरवणं जड जातं. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या. मग चांगला स्कॅनर लावून जुने फॉल्ट वाचा: बऱ्याच फॉल्टसोबत तो कोणत्या किलोमीटरला आला हे मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्या भागाच्या छोट्या कंप्यूटरमध्ये, नोंदलेलं असतं. मीटर ७२,००० दाखवतंय आणि एअरबॅग किंवा एबीएसच्या मॉड्यूलमध्ये ९८,००० ला आलेला फॉल्ट बसलाय, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगच्या चामड्याची चकाकीही बघा. स्टिअरिंगवर नवं कव्हर शिवलेलं दिसलं तर ते उचकून बघा.

नागपुरात आणखी एक तपासणी लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. पुराची गाडी ओळखायची अशी:

1. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गुंडाळलेल्या टोकाकडे मातकट रेषा असेल तर पाणी तिथवर चढलं होतं.
2. पुढच्या सीटखालचे बोल्ट आणि सरकपट्टीचा गंज बघा.
3. डिकीतलं स्टेपनी काढून खळग्यातला गाळ बघा.
4. चालकाच्या पायाखालचा गालिचा एका कोपऱ्यातून उचला. खालचा फोम दमट असेल किंवा नवाकोरा असेल, दोन्ही वाईटच.

अशी गाडी किती का स्वस्त असेना, सोडा. वायरिंगमधला ओलावा दोन-दोन वर्षांनी डोकं वर काढतो, आणि त्याच्यामागे धावण्यात गाडीची किंमत निघून जाते.

३. हाताशी ठेवायची हत्यारं

- ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारं उपकरण. साधं ब्लूटूथवालं इंजिनचे कोड वाचतं, गिअरबॉक्सचे वाचत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठीचं उपकरण घ्या किंवा व्हीसीडीएस हे निदानाचं सॉफ्टवेअर असलेलं गॅरेज शोधून ठेवा.
- डिजिटल मल्टिमीटर.
- २० ते १२० न्यूटन मीटरचा टॉर्क पाना. चाकाच्या बोल्टला १२० लागतात, ऑईलच्या ड्रेन बोल्टला फक्त ३०. अंदाजाने आवळल्यामुळे ऑईल चेंबरचे आटे खराब झालेल्या गाड्या घाट रोडच्या कुठल्याही गॅरेजात दिसतील.
- टॉर्क्स बिटांचा संच. इंजिनाखालचं कव्हर साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाही.
- हवेचा मीटर, टॉर्च, आणि एक वही. वही चेष्टेवारी नेऊ नका, ती पुढे लागणार आहे.

४. पहिला आठवडा: हिशेब शून्यावर आणा

आधीच्या मालकाने काय केलं यावर विसंबू नका, बिल असलं तरी. खालचं सगळं एकदा करून घ्या आणि वहीत तारीख आणि किलोमीटर टाका.

*इंजिन ऑईल.* डब्याच्या मागच्या बाजूला फोक्सवॅगन ५०२ ०० हा आकडा छापलेला हवा. ग्रेड ५डब्ल्यू-४०. इंजिनानुसार साडेतीन ते चार लिटर लागतं. आधी साडेतीन भरा, गाडी पाच मिनिटं चालवा, बंद करून थांबा, मग डिपस्टिक बघत वाढवा. जास्त भरलेलं ऑईल टर्बोत आणि इनटेकमध्ये जातं. कंपनीने १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगितलंय, ते थंड प्रदेशात आणि हायवेवर ठीक. लाखावरच्या टर्बो गाडीला, नागपूरच्या उन्हात, ७,५०० ला बदला. चेन असेल तर हा आकडा ताणूच नका, कारण चेनचा ताण देणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो.

ही गाडी ऑईल पिते, हे मान्य करून चला. कंपनीच्या हिशेबात १,००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं. प्रत्यक्षात तेवढं जात असेल तर काहीतरी बिघडलंय. पहिले ३,००० किलोमीटर दर ५०० ला डिपस्टिक बघून वहीत लिहा. २,००० ला अर्धा लिटर जात असेल तर डिकीत एक लिटर ठेवून निर्धास्त फिरा.

*स्पार्क प्लग.* कधी बदलले ते ठाऊक नसेल तर आत्ता बदला, पुढे दर ४०,००० ला. जुने प्लग फेकू नका, सिलिंडरच्या क्रमाने टेबलावर मांडा. एकच प्लग तेलकट निघाला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघून घ्या. चार सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक निघाला तर पुढचा खर्च थांबवा आणि आधी इंजिनाचं काय करायचं ते ठरवा.

*एअर फिल्टर.* दर १५,००० ला बदला. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल, किंवा घरासमोर सिमेंट रस्त्याचं काम चालू असेल, तर ७,५०० ला काढून बघा. एअरगनने फुंकून पुन्हा बसवू नका. कागद फाटला तर धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

*ब्रेक ऑईल.* डॉट ४, दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही असो.

*कूलंट.* याला पुढची अख्खी पायरी.

५. उष्णता: नागपुरातली अर्धी दुखणी इथून सुरू होतात

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. गाडीचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात, पण प्लॅस्टिक, रबर आणि ऑईल मोजतात ते उन्हाळे.

मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष म्हणून सांगितलं. तुमच्या गाडीचं उलटं आहे. फोक्सवॅगनच्या पुष्कळ गाड्यांत कूलंटचा काटा मुद्दाम ९० वर धरून ठेवलेला असतो. आत ८० असो की १०५, काटा तिथेच. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडी रीडर लावून खरा आकडा बघा. सीताबर्डीच्या गर्दीत, एसी चालू, बाहेर ४४ अंश असताना ९५ ते १०५ मध्ये वरखाली होणं ठीक. ११० च्या वर जाऊन खाली येत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

तपासणी या क्रमाने करा:

पंखा. गाडी थंड असताना चालू करा आणि एसी लावा. रेडिएटरचा पंखा लगेच हळू वेगाने फिरायला हवा. फिरत नसेल आणि गाडी तापल्यावर एकदम भन्नाट वेगाने सुटत असेल, तर त्याचा हळू वेग गेलाय. रेझिस्टर किंवा कंट्रोलर बदलावा लागतो. इथे एक फसवा सापळा आहे. कूलंट फार तापलं की इंजिन स्वतःहून एसीचा कॉम्प्रेसर बंद करतं. एसी कोमट हवा फेकतो, माणूस एसीवाल्याकडे जातो, तो गॅस भरतो, दोन दिवस बरं वाटतं. दोष पंख्यात असतो. एसी फक्त ट्रॅफिकमध्येच कोमट होत असेल तर गॅस भरण्याआधी पंखा बघा.

दुसरा पाणीमार्ग. १.२ टीएसआयमध्ये टर्बोतून आलेली गरम हवा इनटेक मॅनिफोल्डच्या आतच पाण्याने थंड केली जाते. त्या पाण्याला एक छोटा इलेक्ट्रिक पंप आहे. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून काही मिनिटं हलकी घरघर ऐकू येते ती बहुतेक याचीच. ती दोष नाही, आवाज कधीच येत नसेल तर मात्र संशय घ्या. हा पंप मेला की गाडी सकाळी छान पळते आणि दुपारी वर्धा रोडवर ओव्हरटेक करताना मरगळते. कोड कधी येतो, कधी येत नाही. टर्बोवर खर्च करण्याआधी हा पंप हाताने चाचपा, स्कॅनरवरून चालू करून बघा.

कूलंट. फोक्सवॅगनला चालणारं जी१२ किंवा जी१३ वर्गातलं, कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी कधीच नाही. नागपूरच्या बोअरच्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हिरवं आणि गुलाबी कूलंट एकत्र करू नका. आधीच्या मालकाने केलेलं दिसलं तर पूर्ण फ्लश करा. भरल्यावर हवा काढणं गरजेचं आहे, नाहीतर पातळी बरोबर दिसूनही गाडी तापते.

गळती. थर्मोस्टॅटचं हाउसिंग आणि वॉटर पंप ही नेहमीची ठिकाणं. गळती दिसण्याआधी वास येतो, गोडसर. बॉनेट उघडून सकाळी थंड गाडीत गुलाबी-पांढरे सुकलेले डाग शोधा. प्लॅस्टिकचं हाउसिंग दोन वेळा आवळलं तर तडा जातो, गळतंय म्हणजे बदलायचंच.

रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर बाहेरून धुताना प्रेशर वॉशर लांबून आणि सरळ धरा. तिरकी धार पातळ पात्या वाकवते आणि मग हवाच जात नाही. वर्षातून एकदा, मार्चमध्ये.

६. डीएसजी: घाबरण्याआधी वाचा

या गाडीतला गिअरबॉक्स डीक्यू२००. सात गिअर, दोन कोरडे क्लच. एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी मिस्त्रीशी अर्ध्या गोष्टी बरोबरीने बोलता येतात.

गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंत पेलतो, इंजिन १७५ देतं. म्हणजे ताकदीने तो मरत नाही. मरतो तो गर्दीत रांगण्याने, मेकाट्रॉनिकमधल्या दाबाच्या बिघाडाने, आणि न कळता केलेल्या दुरुस्तीने. रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली, गाडी असेल तर हे गणित बदलतं, म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा.

मेकाट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात एकाच डब्यात: कंप्यूटर, पंप, दाब साठवणारा सिलिंडर, व्हॉल्व्ह. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं याचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला परत बोलावलं होतं, कारण जुन्या तेलामुळे आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शॉर्ट होण्याची शक्यता होती. तुमची गाडी २०१३ ची असेल तर ते काम झालंय का, हे चासी नंबरवर विचारून घ्या.

दुखणं ओळखायची पद्धत:

1. बॅटरी मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टपेक्षा कमी, किंवा चालू गाडीत १३.८ पेक्षा कमी दिसत असेल, तर गिअरबॉक्सचे कोड खरे मानू नका. मेकाट्रॉनिकचा पंप बॅटरीवर चालतो. नागपूरच्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षांत थकते.
2. कोड वाचा, पुसू नका. पी१८९सी म्हणजे दाब तयार होत नाही, पी१७बीएफ म्हणजे पंप जास्त चालतोय म्हणून त्याला वाचवण्यासाठी थांबवलंय. हे दोन्ही मेकाट्रॉनिककडे, विशेषतः दाब साठवणाऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवतात.
3. थरथर कुठे येते ते लिहा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, की सुटताना? रिव्हर्समध्येही येते का? दुसरा आणि रिव्हर्स दोन्ही थरथरतात, पण पहिला स्वच्छ आहे, तर सम गिअरांचा क्लच. सुटताना आणि तिसऱ्यात थरथर असेल तर विषम गिअरांचा. कोड नाही आणि फक्त थरथर आहे, तर बहुतेक वेळा क्लचच.
4. सम गिअर पूर्णच गायब झाले, गाडी एक-तीन-पाच अशीच चालते, आणि रिव्हर्सही नाही, तर आतला गिअर सरकवणारा फोर्क किंवा मेकाट्रॉनिक. इथे क्लच बदलून काही होणार नाही.

क्लचचा संच बदलायला खास हत्यार लागतं. क्लच बसवताना मोजमाप घेऊन शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) निवडावे लागतात, आणि शेवटी स्कॅनरवरून बेसिक सेटिंग करावं लागतं. "सेटिंग नंतर आपोआप होतं" म्हणणाऱ्या गॅरेजात हे काम देऊ नका. सुट्या क्लचसाठी लूक कंपनीचा संच घ्या, बंद खोक्यात, स्टिकर तपासून.

तेलाबाबत सर्वांत जास्त घोळ आहे. डीएसजी ऑईल आणि फिल्टर दर ६०,००० ला बदला, असा सल्ला ओल्या क्लचच्या डीएसजीसाठी आहे. डीक्यू२०० च्या क्लचला तेल लागत नाही, बाहेरून बदलायचा फिल्टरही नाही. यात दोन वेगळी तेलं आहेत: गिअरचं तेल, सुमारे १.७ लिटर, आणि मेकाट्रॉनिकचं वेगळं, साधारण लिटरभर. ओल्या डीएसजीचं तेल इथे ओतलं तर नवीन दुखणं विकत घेतलंत. कंपनी गिअरचं तेल आयुष्यभराचं म्हणते, लाखावरच्या गाडीत एकदा बदलून घेणं शहाणपणाचं. पातळी बघायला वेगळा नट नसल्याने निघालेलं मोजायचं आणि ठरलेलं मोजूनच भरायचं.

चालवायची सवय:

- ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकू नका. पुढे एका गाडीची जागा होईपर्यंत ब्रेक पूर्ण दाबून थांबा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, अर्धवट दाबला की तो घासत राहतो.
- रेल्वे पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका. ब्रेक किंवा हँडब्रेक.
- लांब सिग्नलला, एक मिनिटाच्या पुढे, न्यूट्रल.
- पार्किंगच्या चढावर आधी हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून वजन त्यावर येऊ द्या, मग पी मध्ये टाका.

७. चेन, टर्बो, कार्बन

चेनवाल्या गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला खरखर ऐका. एक-दोन सेकंद चालेल. तीन-चार सेकंद टिकत असेल, किंवा पी००१६ कोड आला असेल, तर चेन ताणली आहे. अशा वेळी "थोडं चालवून बघू" म्हणू नका. चेन दात चुकली तर व्हॉल्व्ह वाकतात. चेनसोबत टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेटही बदला. फक्त चेन बदलून वाचवलेले पैसे मजुरीत दुपटीने जातात, कारण इंजिन पुन्हा उघडावं लागतं. पट्टा असेल तर त्याची तारीख बिलात शोधा. सापडली नाही तर पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच करा.

टर्बोचं दुखणं या गाडीत बहुधा टर्बोचं नसतं, वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेच्या) जोडाचं असतं. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरची दांडी अडकते किंवा ढिली होते. पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) कोड येतो, गाडी ढिली पडते, कधी हळू वेगात पत्रा वाजल्यासारखा आवाज येतो. दांडी हाताने मोकळी फिरते का ते आधी बघा, मग स्कॅनरवरून चालवा. पूर्ण टर्बो बदलायचा सल्ला यानंतरच ऐकायचा. इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पायपांना तडे आणि क्लिपा ढिल्या नाहीत, तेही बघा. पी०२९९ चं सर्वांत स्वस्त कारण तेच.

हायवेवर जोरात चालवून आलात तर शेवटचे दोन किलोमीटर मवाळ चालवा. टोलनाक्यावर थांबून लगेच किल्ली फिरवायची घाई नको.

थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यावर कार्बन साचतो. लाखाच्या आसपास सकाळी आयडलला गाडी हलत असेल, थंडीत मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) येत असेल आणि प्लग-कॉइल ठीक असतील, तर बोरोस्कोप (नळीवरचा छोटा कॅमेरा) घालून बघा. साफ करायचा खरा उपाय म्हणजे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या सालीच्या भुशाने ब्लास्ट करणं. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यावर पैसे घालू नका.

मिसफायरचा कोड पी०३०१ ते पी०३०४ मध्ये आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर. त्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल दुसऱ्यात टाका. कोडही त्याच्यामागे त्या सिलिंडरवर गेला तर दोषी सापडला. ही दहा मिनिटांची परीक्षा न करता चारही कॉइल विकत घेणारे पुष्कळ आहेत.

८. टायर आणि खालचा भाग

जुन्या जीटीवर १८५/६० आर१५, नंतरच्यांवर १९५/५५ आर१६. टायरवरचा चार आकडी डॉट नंबर वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, समृद्धी महामार्गावर नेऊ नका. ७०१ किलोमीटरचा सिमेंट रस्ता, १२० ची मर्यादा आणि मे महिना, यात कमी हवेचा टायर बाजूने तापून फुटतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दरवाज्याच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. दुपारी उन्हात उभ्या गाडीत तीन-चार पीएसआय जास्त दिसतील, ती काढू नका. नायट्रोजनचा आग्रह सोडलात तरी काही बिघडत नाही, आठवड्याला मीटर लावणं सोडू नका.

खड्ड्यात टकटक येत असेल तर आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग शॉकअपच्या वरचे माउंट. शॉकअप स्वतः शेवटी. स्टिअरिंग वळवताना "टण्" असा आवाज म्हणजे बहुतेक माउंटची बेअरिंग. काम झालं की अलाइनमेंट करा, नाहीतर नवा टायर सहा महिन्यांत आतून झिजतो.

९. पेट्रोल

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि ही गाडी त्याआधीची. रोज चालत असेल तर फार त्रास दिसत नाही, ॲव्हरेज थोडा घटतो. महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आतल्या हवेतला ओलावा कमी. वर्षातून एकदा इंधनाच्या रबरी नळ्या वाकवून तडे बघा, विशेषतः मागच्या बाजूच्या.

१०. रस्त्यात बंद पडली तर

डीएसजी गाडीला धक्का स्टार्ट लागत नाही. चेनवाल्या इंजिनाला तो वाईटही, दाब नसताना चेन दात चुकू शकते. टोचन करायचंच असेल तर न्यूट्रलमध्ये, इग्निशन चालू ठेवून, ५० च्या वेगाच्या आत आणि ५० किलोमीटरच्या आत. पुढची चाकं उचललेली असतील तर बरं. सगळ्यात उत्तम फ्लॅटबेड. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर पॉलिसीवरचा त्यांचा नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेवा. बूटीबोरीच्या पुढे अंधारात पॉलिसीचा पीडीएफ शोधत बसणं नकोसं होतं.

गाडी गॅरेजला उतरवण्याआधी कोडचे फोटो काढा, मीटरवरचे किलोमीटर आणि बॅटरीचा व्होल्टेज वहीत लिहा, आणि जॉब कार्डवर लक्षण लिहून घ्या, निदान नाही. "दुसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये थरथर, थंड गाडीत नाही" असं. "क्लच बदलणे" असं तुम्हीच लिहिलंत, तर क्लच बदलला जाईल, थरथर गेली नाही तरी.